पहिलटकरणींचा रकाना

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका मुंगीशी भांडत होत्या. खिडकीच्या कट्ट्यावर रक्ताच्या थेंबांच्या काचा वाळत ठेवल्या होत्या आणि त्यातल्या एका थेंबाच्या कडेला तांबडी मुंगी लागली होती. बाई वाकून हलकेच फुंकर मारत तिला म्हणत होत्या, "अगो, तुला साखर ठेवलीय ना पलीकडे? हिच्या अंगात आधीच रक्त नाय, त्यात तू आणखी कुठे पितेस?"

मी नेमणुकीचा कागद हातात धरून दारात उभी. घसा खाकरून सांगितलं, मी नवीन टेक्निशियन.

"बस," माझ्याकडे न बघताच बाई म्हणाल्या. "आधी हिला जाऊ दे."

मुंगी गेली आणि मग माझा नंबर लागला. साखर खरोखरच ठेवलेली होती. कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला रोज सकाळी बाई चिमूटभर साखर टाकायच्या. प्रयोगशाळेत साखर बघून डॉक्टर मॅडमच्या कपाळाला आठ्या पडायच्या. बाईंचं म्हणणं, मुंग्या येणारच आहेत, मग त्यांनी कुठे जायचं एवढं तरी आपण ठरवावं. बाईंच्या बहुतेक बोलण्यावर कुणाकडेच उत्तर नसायचं, आणि त्यामुळेच त्यांना खुळी म्हणणं सगळ्यांना सोयीचं पडत असे. सुरुवातीला मीही म्हणायचे.

आमचा दवाखाना पालघरच्या पूर्वेला, डोंगर सुरू होतात तिथे. सरकारी, बैठा, पत्र्याचा. मी सफाळ्याची. बाई किनाऱ्याकडच्या एका गावातून यायच्या. त्यांच्या भावाची तिथे चिकूची वाडी होती आणि कुंपणाच्या कडेनं मोगरा. मोगऱ्याच्या कळ्या बाई रोज आणायच्या, पण केसात कधी माळायच्या नाहीत. काचा ठेवायच्या लाकडी पेटीत त्या टाकून द्यायच्या. त्यामुळे आमच्याकडच्या काचा मोगऱ्याच्या वासाच्या असत. तपासायला वर पाठवलेल्या काचांबद्दल जिल्ह्याहून एकदा फोन आला होता, हा वास कसला म्हणून. बाईंनी मोगऱ्याची जात सांगितली.

बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि दहाही बोटं जांभळी. काचा रंगवून रंगवून तो रंग कातड्यात मुरला होता. हळदीकुंकवाला गेल्या की बायका त्यांच्या हाताकडे बघत राहत. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही याच्या दवाखान्यात चार कहाण्या चालत, आणि चारही एकमेकींशी न जुळणाऱ्या. मी धीर करून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हो म्हणायला निघाले होते. पण काचा वाळत होत्या."

रंगासाठी लागणारं पाणी त्या घरून आणायच्या. वाडीतल्या विहिरीचं, दोन बाटल्या, एसटीतून, मांडीवर ठेवून. नळाच्या पाण्यानं गुलाबी रंग मळकट येतो असं त्यांचं मत. मला हे निव्वळ थोतांड वाटलं. एका दिवशी त्यांच्या अपरोक्ष मी नळाचं पाणी वापरून पाहिलं. सगळ्या पेशी राखेत लोळल्यासारख्या दिसत होत्या. मी गुपचूप काच धुऊन टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून एसटी थांब्यावर बाटल्या उचलायला जायला लागले.

लाइट गेली की बाई खूश व्हायच्या. विजेवरचा दोन डोळ्यांचा मायक्रोस्कोप बंद पडला की कपाटातला जुना, आरशाचा, एका डोळ्याचा बाहेर निघे. खिडकीशी तो मांडायचा, खालचा आरसा आभाळाकडे वळवायचा, आणि मग बाहेरचा उजेड काचेतून वर येऊन डोळ्यात शिरायचा. दुसरा डोळा मिटायचा नाही हा नियम. "मिटलास तर थकशील. दोन्ही उघडे ठेव. एकानं आतलं बघ, दुसऱ्यानं बाहेरचं राहू दे." काही दिवसांनी ते जमलं, आणि मग दुपारी, बाहेरची रांग संपलेली असताना, मला एकाच वेळी जांभळटसर गुलाबी मैदान दिसायचं आणि त्याच्यावरच खिडकीबाहेरचं पिवळं पडलेलं गवत हलायचं. आभाळात ढग आला की पेशींचं सगळं जग सावलीत जायचं. ढग सरकला की पुन्हा उन्हात. कुठे झोप आणि कुठे जाग ते कळत नसे. बाई शेजारी बसून पुटपुटत राहायच्या, "आज ओहोटी हाय बघ. किती विरळ." म्हणजे काच जिची, तिच्या अंगात रक्त कमी आहे. मलेरियाच्या जंतूला त्या पाहुणा म्हणायच्या आणि तो सापडला की आवाज खाली आणायच्या, तो दचकेल म्हणून.

त्यांच्या दोन सवयींवरून मात्र डॉक्टर मॅडम खरोखर वैतागायच्या. एक म्हणजे बाई रजिस्टरमध्ये 'निगेटिव्ह' लिहीत नसत. 'दिसला नाही' असं लिहीत. "नाही असं मी कोण सांगणार? शंभर जागी बघितलं, त्या शंभर जागी नव्हता. मला दिसला नाही, एवढंच मी सांगू शकते."

दुसरी सवय त्या रकान्याची. छापील रजिस्टरात नाव, वय, गाव, ताप किती दिवस, असे रकाने होते. बाईंनी पट्टी आणि तांबडी पेन्सिल घेऊन प्रत्येक पानावर एक जादा रकाना आखला होता. वर लिहिलेलं, 'कितवं?' गरोदर बाई समोर आली की बोट टोचायच्या आधी हा प्रश्न. पहिलं असेल तर तिच्या दोन काचा घ्यायच्या, एक लगेच रंगवायची, एक न रंगवता, कोरीच कागदात गुंडाळून ठेवायची, आणि शंभरऐवजी दोनशे जागा बघायच्या. हा प्रश्न त्यांच्या तोंडात इतका बसला होता की मान खाली घालून लिहिताना त्या समोर कोण आहे हेही बघत नसत. बोईसरच्या एका कारखान्यातला उत्तरेकडचा मुकादम एकदा तापानं फणफणून आला होता. बाईंनी विचारलं, "कितवं?" तो बिचारा लाजून म्हणाला, "मैडम, तीन हैं. अब बस." बाईंनी रकान्यात तीन लिहिलं. ते अजून त्या रजिस्टरात आहे.

हा रकाना कशासाठी, हे त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. दवाखान्याच्या मागे आंब्याखाली आम्ही डबा खायला बसलो होतो. त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट.

"अंग आठवणीवर चालतं, पोरी," त्या म्हणाल्या. "ह्या डोंगरातल्या मुलीला लहानपणापासून डास चावतात. दहादा ताप येतो, दहादा उतरतो. अंगातले राखणदार पाहुण्याला ओळखायला लागतात. पुरता हाकलता येत नाय, पण दाबून ठेवतात. म्हणून मोठेपणी तो रक्तात असला तरी तिला ताप येत नाय. अंग ओरडत नाय. तुझ्यामाझ्यासारखीला आला तर जिवावर बेतेल, आपल्याला ती सवय नाय."

"मग तिला धोका कमी."

"थांब. मग तिला दिवस जातात. पोटात बाळाला पोसणारी वार तयार होते. घरात नवीन खोली काढावी तशी. तिच्या भिंती वेगळ्या, याआधी अंगात नसलेल्या. हा लबाड काय करतो, वेष बदलतो आणि त्या भिंतींना चिकटून बसतो. राखणदारांनी त्याचा हा वेष कधी बघितलेलाच नाय, कारण ती खोलीच आधी नव्हती. त्यांच्या समोर तो बसून राहतो आणि ते पुढे निघून जातात. आपण बोटातून रक्त काढतो, तिथे तो सापडेलच असं नाय. तो आत बसलेला असतो. ताप नाय, काचेत काय नाय, आणि बाळ वाळत जातं."

"आणि दुसऱ्या खेपेला?"

"दुसऱ्या खेपेला अंग शहाणं झालेलं असतं. तो वेष ओळखीचा होतो. तिसऱ्याला आणखी ओळखीचा. सगळींचं असंच होतं असं नाय, पण बहुतेकींचं. म्हणून विचारते कितवं. पहिलीची पाटी कोरी असते."

मी विचारलं, राखणदारांना उशिरा का होईना कळलं तर ते काय करतात. बाईंनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला.

"तुटून पडतात. मग त्या झटापटीत वारच सुजते आणि बाळाचं जेवण अडतं. त्यात आईच्या अंगानं हत्यारं आधीच थोडी खाली ठेवलेली असतात. बाळ अर्धं परकं असतं ना, बापाकडचं. त्याला परकं म्हणून मारायचं नाय, आणि चोराला आपला म्हणून सोडायचं नाय. एकाच वेळी दोन्ही. कसं करत असेल गो अंग?"

त्यांच्या डोळ्यात पाणी आलं होतं. ज्यांना स्वतःचं मूल नाही त्यांना हे एवढं का लागावं, असा एक आगाऊ विचार माझ्या मनात येऊन गेला, आणि त्याची मला आजही लाज वाटते. बाईंनी ही माहिती थोडी एका जुन्या डॉक्टरांकडून घेतली होती, थोडी जिल्ह्याच्या प्रशिक्षणातून, आणि बाकी सगळी स्वतःच्या रजिस्टरांतून. संध्याकाळी जुनी पानं उलटत बसायच्या. कुणाचं बाळ किती वजनाचं झालं, कुणाचं राहिलं नाही, हे पाड्यांवर फिरणाऱ्या आशाताईकडून विचारून त्या नावापुढे बारीक अक्षरात लिहून ठेवायच्या.

आता ज्या गोष्टीकडे मी इतका वेळ काणाडोळा करत होते ती सांगायला हवी.

दिवाळी झाली, भातं झोडून झाली, की डोंगरातली माणसं कामाला बाहेर पडतात. जायच्या आधी गरोदर बायकांची तपासणी व्हावी म्हणून आमच्याकडे त्या आठवड्यात गर्दी असते. बाईंना त्या वर्षी त्यातल्याच एका दिवशी पालघरला बैठकीला बोलावलं होतं. मी एकटी. समोर तीसेक बायका. रंग वापरण्याआधी रोज सकाळी गाळणकागदातून गाळून घ्यायचा असतो, नाहीतर त्यातला गाळ काचेवर बसतो. गाळणकागदातून रंग थेंब थेंब पडतो, आणि रांग दाराबाहेर गेलेली. मी तो न गाळताच वापरला.

त्या रांगेत लक्षी होती. एकोणीस-वीस वर्षांची, सातवा महिना, पहिलं. डोळ्यांच्या आत पांढरी फटक. मॅडमनी पोट मोजलं, महिन्यांच्या मानानं लहान होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मलेरियाची काच करायला सांगितली. झटपट तपासणीची किटं थोडी होती, ती ताप असलेल्यांसाठी राखलेली.

"ताप नाय येत मला," बोट पुढे करताना लक्षी म्हणाली. "नुसती दमते. पाणी आणायला गेली का मधीच बसते."

तिच्या काचेत पाहुणा नव्हता. दोनशे जागा मी इमानानं बघितल्या. पण पांढऱ्या पेशींवर जागोजाग तपकिरी-काळे बारीक कण होते. न गाळलेल्या रंगाचा हा मळ, दुसरं काय! बाईंनी बघितलं तर त्यांना लगेच कळणार. मी क्षणभर विचार केला, तिची दुसरी काच गाळलेल्या रंगात करावी का. मग घड्याळ बघितलं. रजिस्टरात लिहिलं, पहिलं, आणि शेऱ्यात, दिसला नाही. बाईंच्या हातून ते दोन शब्द खरे असत. माझ्या हातून त्या दिवशी ते खोटे उतरले. मी कणांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही आणि काच पेटीच्या तळाशी सरकवली.

बाईंनी ती तिसऱ्या दिवशी काढली. पहिलटकरणींच्या काचा त्या पुन्हा बघतच. दुपारची वेळ होती, लाइट गेलेली होती, आरशाचा मायक्रोस्कोप खिडकीत होता. मी शेजारी बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होते. बाईंचं पुटपुटणं एकदम थांबलं.

"हे काय आहे?"

"मळ आहे, बाई." मी हातातली चिठ्ठी बाजूला ठेवली. "त्या दिवशी रंग गाळला नव्हता मी. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही."

मला वाटलं आता डोक्यावर आभाळ कोसळणार. बाई रागावल्या नाहीत. उठल्या, रंग गाळायला ठेवला, आणि थेंब पडत असताना लक्षीची दुसरी कोरी काच कागदातून सोडवली. आम्ही दोघी त्या गाळणकागदाकडे बघत बसलो. इतका सावकाश वेळ मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. मग त्यांनी काच रंगवली, धुतली, वाळवली, तेलाचा थेंब टाकला, आणि बघून उठल्या. "बघ."

कण होते. तसेच तपकिरी, तसेच काळे.

"मळ काचेवर कुठेही बसतो, पोरी. हे कण फक्त पांढऱ्या पेशींच्या पोटात आहेत. बाहेर एक तरी दिसतो का? हे खरकटं आहे. पाहुण्याला खाऊन राखणदारांच्या पोटात उरलेलं. आत कुठेतरी जोरात चाललंय आणि त्यातले दोन-चार राखणदार बोटापर्यंत फिरत आलेत." त्या चष्मा काढून पुसायला लागल्या. "पोरगी कुठाय?"

आशाताईला फोन लावला. लक्षी आणि तिचा नवरा काल सकाळीच गेले होते. बोईसरजवळ पामच्या बाजूला इमारतीचं काम लागलंय, एवढंच तिला माहीत. नवऱ्याचा फोन बंद. डॉक्टर मॅडम आधी म्हणाल्या, "बाई, काचेत जंतू नाही, ताप नाही, आणि तुम्ही दोघी दवाखाना सोडून बोईसरला जाणार?" बाई म्हणाल्या, "तुम्हीच बघा." मॅडमनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग कपाटातून एक किट काढून बाईंच्या हातात दिलं.

बोईसरपर्यंत एसटी, पुढे रिक्षा. कारखान्यांच्या धुराड्यांवर उतरतं ऊन पेंगत होतं, समुद्राकडून खारट वारा येत होता, आणि मला एकच गोष्ट सारखी दिसत होती, की मी पेटीच्या तळाशी काच सरकवतेय. त्या बाळाला काही झालं तर ते माझ्या एका दुपारच्या आळसानं. हे असं साध्या शब्दांत मी स्वतःला सांगितलं आणि रडायला लागले. बाईंनी रुमाल दिला. म्हणाल्या, "नंतर. आधी इमारती बघ."

तिसऱ्या इमारतीत ती सापडली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ओल्या रेतीचं घमेलं, आणि एका हातानं पोट सावरलेलं. देखरेखीचा माणूस आडवा आला, "मैडम, यहाँ कोई बीमार नहीं है." बाई त्याच्या बाजूनं निघून गेल्या आणि लक्षीच्या डोक्यावरचं घमेलं स्वतःच्या हातांनी उतरवून खाली ठेवलं.

"बाय, तुमी हितं?" लक्षी घाबरली. "ताप नाय मला. तुमचं काय तरी चुकलं असंल."

"चुकलं आमचं. म्हणून तर आलो." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. 'आमचं' म्हणाल्या. "तुला ताप नाय हे खरं. पण तुझ्या बाळाच्या ताटातलं कोण तरी खातंय. बोट दे."

विटांच्या चवडीवर किट ठेवलं. त्यात रक्ताचा थेंब टाकल्यावर वीस मिनिटं थांबावं लागतं. लक्षी वाळूवर बसली, तिचा नवरा तिच्यामागे उभा. काम थांबलेलं, कुठेतरी नळ गळत होता. लक्षीनं अगदी हळू विचारलं, "बाय, मेलं हाय का आत?"

"हलतं का?"

"सकाळी हललं."

"मग जितं हाय," बाई म्हणाल्या आणि तिच्या पोटावर हात ठेवून बसल्या. चष्मा छातीवर, डोळे मिटलेले. त्या वीस मिनिटांत त्यांनी हात उचलला नाही. मध्येच एकदा त्यांचा चेहरा बदलला, गालात हसू आलं, आणि मला कळलं की आत लाथ बसली आहे. मग किटवर पहिल्या रेघेशेजारी दुसरी रेघ उमटली, आधी पुसट, मग स्पष्ट. पाहुणा होता.

नवरा म्हणाला, "आता गेलो तर हितं परत घेणार नाय." देखरेखीचा माणूस पाठीमागे येऊन उभा होता हे आम्हाला माहीत नव्हतं. "ले जाओ भाई," तो म्हणाला, "काम कहीं भागा जा रहा है?" आणि त्यानंच रिक्षा थांबवली.

तीन दिवस मॅडमनी लक्षीला दवाखान्यात ठेवून समोर गोळ्या घ्यायला लावल्या. चौथ्या दिवशी ती आईकडे गेली, डोंगरातल्या पाड्यावर. दर पंधरवड्याला यायची. बाई पोट मोजताना शेजारी जाऊन उभ्या राहायच्या, मॅडमनी आकडा सांगितला की मान हलवायच्या आणि परत येऊन काचांपुढे बसायच्या. मला कामाव्यतिरिक्त काही बोलायच्या नाहीत. राग होता असं म्हणवत नाही. पण मला त्यांच्यासमोर डबा उघडवत नव्हता. रात्री अंथरुणावर पडल्यावर तपकिरी कण डोळ्यांपुढे तरंगायचे.

माघात, सकाळी सकाळी, लक्षी बाळंत झाली. मुलगा. दोन किलोला जरा कमी, सुरकुतलेला, पण रडला असा की बाईंनी प्रयोगशाळेत बसून ऐकलं. मी धावत गेले. लक्षीची आई वार न्यायला टोपली आणि फडकं घेऊन थांबली होती. त्यांच्याकडे वार घरी नेऊन न्हाणीच्या कडेला पुरतात आणि तिच्यावर रोज बाळाच्या आंघोळीचं पाणी पडू देतात.

बाई तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मला वारेचा एक ठसा हवाय."

"वार बाळाची जोड असते, बाय. ती तुकडा करून देत नाय आमी."

"तुकडा नको. काच नुसती टेकवीन आणि उचलीन. आत काय उरलंय ते बघायला. उरलं असलं तर दोघांना पुन्हा औषध लागेल."

म्हातारीनं फडकं बाजूला केलं आणि म्हणाली, "हळू." बाईंनी काच माझ्या हातात दिली. मी टेकवली आणि उचलली. टोपली घेऊन म्हातारी पायऱ्या उतरली.

रंग मी गाळला. काच मी रंगवली. बाई दाराशी स्टुलावर बसून राहिल्या, जवळ आल्या नाहीत. कण होते, ढिगानं होते, पेशींच्या पोटात आणि पेशींच्या मधल्या जागांत, एखाद्या मोठ्या झटापटीनंतर अंगण तसंच राहावं तसे. पण पाहुणा एकही नव्हता. दोनशे जागा बघितल्या. पुन्हा पहिल्यापासून दोनशे बघितल्या. मग मी मान वर केली आणि सांगितलं.

बाईंनी श्वास सोडला. तेव्हा मला कळलं, इतके महिने त्यांनी तो किती धरून ठेवला होता. त्या स्टुलावरून उठल्या आणि म्हणाल्या, "चूक तू मला सांगितलीस. ज्यांच्यावर बेतली त्यांना नाय सांगितलीस."

एवढंच. त्यात रागही नव्हता आणि उपदेशही नव्हता. मी बाळंतिणीच्या खोलीत गेले. लक्षी उशीला टेकून बसली होती, बाळ मांडीवर. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रंग गाळला नव्हता, कण दिसले होते, बोलणी बसतील म्हणून लपवले, आणि तू तीन दिवस त्याच अंगानं होतीस, त्यात कामावरही गेलीस, ते माझ्यामुळे. ती ऐकत होती. तिच्या तोंडावरून काही कळत नव्हतं.

"आता नाय ना हाय आत?"

"नाही."

"तुमीच बघितलं?"

"मीच बघितलं."

ती मला हाकलेल, रडेल, नवऱ्याला हाक मारेल, सगळ्याची माझी तयारी होती. तेवढ्यात दवाखान्यातली मावशी तिच्यासाठी भात आणि कुळथाची कढी घेऊन आली. लक्षीनं ताटाकडे बघितलं. मग मांडीवरचं गाठोडं दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे केलं.

"याला धरा, ताई. मला भूक लागलीय."

मी घेतलं. तो हातात मावतही नव्हता आणि हातातून सांडेल असंही वाटत होतं. लक्षी पाठ फिरवून जेवायला बसली. तिनं एकदाही मागे वळून बघितलं नाही. दारातून बाईंचा आवाज आला, "मानेखाली हात धर, पोरी."

मी धरला. तिचं जेवण होईपर्यंत तसाच धरून उभी राहिले.